तात्या परबांचा पाव्हणा

आमच्या सोसायटीत कुणी पेढे वाटले की तात्या परब पेढा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "ह्यां काय टिकूचां नाय." पेढ्याबद्दल नव्हे, ज्या गोष्टीचे पेढे असतील तिच्याबद्दल. पहिल्या मजल्यावरच्या ठक्करांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी हे सांगितलं. आम्ही रंगीत टीव्ही घेतला तेव्हा ते मुद्दाम बघायला आले. बातम्या देणाऱ्या बाईच्या निळ्या साडीकडे बराच वेळ टक लावून म्हणाले, "रंग उडतलो. साडयेचो न्हय, टीव्हीचो."

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमची चार मजली इमारत. मी तिची सेक्रेटरी, म्हणजे नळ गळला की बेल माझ्या दाराची वाजते. ऑफिस, घर आणि सोसायटी एकाच दिवसात बसवायची तर याद्या कराव्या लागतात. माझी यादी स्वयंपाकघराच्या दाराला टाचलेली असते. तात्या वर आले की आधी ती वाचायचे.

"शेक्रेटरी बाय, गच्चीची गळती लिवन ठेवलास. लिवल्यान पाऊस भियातलो?"

"तात्या, मग छत्री उघडून झोपा."

"छत्री तरी खय टिकता!"

गिरणी बंद पडली, पाठोपाठ बायको गेली, तेव्हा परळची खोली विकून ते आमच्या तळमजल्यावर आले. एकटेच. घरात खाट, स्टोव्ह आणि भिंतीवर देवाची तसबीर. साबणाची वडी आणली की सुरीने तिचे दोन तुकडे करत. एक वापरायला घ्यायचा, दुसरा कागदात गुंडाळून ठेवायचा. का, तर तो वापरायला आपण असू-नसू. निदान दुसऱ्या कुणाला कोरा मिळेल.

अशा माणसाने कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. मिठागराच्या रस्त्यावर नाल्याच्या कडेला कुणीतरी गोणपाटात बांधून पिल्लं टाकली होती. बाकीची गेलेली, एवढं एकच हलत होतं. तात्यांनी ते बनियनच्या आत घालून आणलं.

जातीच्या बाबतीत त्याच्या अवयवांचंच एकमत नव्हतं. एक कान अल्सेशियनसारखा ताठ, दुसरा पडलेला; पाय आखूड, आणि शेपूट सरळ गल्लीतलं. ठक्करबेनकडे पांढराशुभ्र पॉमेरियन होता. त्यांनी गॅलरीतून विचारलं, "तात्या, कोणती जात हाय?"

"तां तेच्या आवशीक म्हायत. तुमी जाव्न इचारा."

नाव मात्र त्यांनी ठेवलं नाही. "नाव कित्याक? पाव्हणो तो. दोन दिस रवात नि जायत." आणि मग पाव्हण्यासाठी त्यांनी स्वतःचं अर्धं दूध बंद केलं. स्वतःच्या उशीचा अभ्रा उसवून त्याला गादी शिवली. आमचे हे म्हणाले, "तात्या, दोन दिवसांच्या पाहुण्याला गादी?" तात्या म्हणाले, "हलकी शिवन हा. टिकूची नाय."

पावसाळा संपता संपता पिल्लू आजारी पडलं. उलट्या, जुलाब, डोळ्यांत चिकटा. मी रजा टाकली आणि रिक्षा करून दोघांना घाटकोपरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन देऊन डॉक्टर म्हणाले, "आशा धरू नका."

"डाक्तर बरो हा," तात्या बाहेर येऊन म्हणाले. "खरां बोलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते, तर ठक्करबेनची हाक: "सेक्रेटरीबेन, जल्दी या! तात्या कुत्र्याला कचऱ्यात टाकतो!"

मी धावत खाली गेले. फाटकाजवळच्या कचराकुंडीत, केळीच्या सालींवर आणि भाजीच्या देठांवर, पिल्लू ठेवलेलं. शेजारी तात्या हाताची घडी घालून उभे.

"तात्या, लाज नाही वाटत? आजारी जीव आहे!"

"वरडा. आजून मोठ्यान वरडा." ते माझ्याकडे बघतच नव्हते, वर बघत होते. "होय, टाकलंय! माका नको ह्यां! माझां न्हय ह्यां!" आणि मग अगदी हळू, ओठ न हलवता, "आता तुमी उचला."

तेव्हा मी नीट पाहिलं. पिल्लाखाली धुतलेला टॉवेल चौघडी करून घातलेला होता.

ही चाल मी ऐकली होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे नवं मूल उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या कुणी ते उचलायचं. मग ते त्याचं झालं, आणि मृत्यू जुन्या घरी शोधत आला तरी त्याला ते सापडत नाही. आमच्या गावात एक सोडून तीन कचरू होते. पण मुलुंडमध्ये, तेही कुत्र्यासाठी?

"माझी दोन पोरां गेली, बाय," तात्या म्हणाले. "आधी झील, मगे चेडू. माझ्या आवशीन सांगल्यान होतां, चेडवाक उकिरड्यार ठेव. मी म्हटलंय, आमी मुंबयक रवतो, असलां काय मानणव नाय." ते थांबले. "जां माझां म्हणतंय, तां रवत नाय."

मी कुंडीत वाकले आणि इस्त्रीच्या साडीनिशी पिल्लू उचललं.

"मोठ्यान सांगा."

"हे माझं आहे!" मी ओरडले.

"अरे, सेक्रेटरीबेनने कुत्रा घेतला!" वरून ठक्करबेन.

त्या दिवसापासून तात्या फक्त सांभाळणारे झाले. रोज संध्याकाळी वर येऊन हिशेब द्यायचे. "तुमच्या पिलान आज दूद पिल्यान." "तुमच्या पिलान माझ्या चपलेचो पट्टो खाल्ल्यान. काय तो निकाल लावा." पिल्लू उभं राहू लागलं, दोन्ही कानांनी वेगवेगळ्या दिशांचं ऐकू लागलं. यादीत मी "पिल्लाच्या गळ्यातला बिल्ला" लिहिलं. तात्यांनी ते वाचलं, पण टिकूचां नाय म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारी मी कणीक मळत होते. कुकरची शिट्टी व्हायची होती. दार उघडंच होतं. तात्या आत आले, हातात झाकलेलं पातेलं.

"शेक्रेटरी बाय," ते म्हणाले, "तुमचां पिलां सकाळी गेलां. मिठागराकडे पुरलंय."

ते माझ्या बाजूने ओट्याकडे गेले आणि त्यांनी गॅस बंद केला.

"आज तुमच्या घरात चूल पेटूची नाय."

पातेल्यात पेज होती. ज्यांच्या घरचं माणूस जातं त्यांना शेजारी आणून देतात तशी, वर लोणच्याची फोड. माझे कणकेचे हात धुवायला त्यांनी तांब्यातून पाणी घातलं, मला पाटावर बसवलं. "दोन घास खावा. रडान कसां चलात?" मी रडत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं, गालावरून हनुवटीवर, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आमच्या ह्यांनी तिसरं ताट मांडलं. तात्यांनी ते बाजूला सारलं.

"माका कित्याक? माझां काय गेलां?"

मी सगळी पेज संपवली, कारण मी नीट जेवते की नाही ते तात्या समोर बसून बघत होते.