करंजवाडीच्या नळासाठी चाळीस किलोमीटर

करंजवाडीला नळ मिळावा म्हणून डोंबिवलीच्या एका सोसायटीने चाळीस किलोमीटर चालायचं ठरवलं. वाडी खडवली स्टेशनापासून आत, टेकडीवर. तिथल्या बायका खालच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वर नेतात. आपण चालायचं, लोक आपल्या चालण्याला देणगी देणार, देणगीतून नळ येणार. आपण चाललो तर पाणी कसं चढतं, हे कांताबाईंना काही उमगलं नाही. पण करंजवाडी त्यांचं माहेर. मायावहिनी अजून दिवसाला चार खेपा घालते. कांताबाईंनी पहिलं नाव दिलं.

"आई, तुमचे गुडघे..." सून दीप्ती म्हणाली.

"माझे गुडघे तुझ्या मिक्सरपेक्षा कमी वाजतात. लिही नाव."

संघाचा कप्तान विनीत. लिफ्ट बंद असली की तो घरूनच ऑफिस करायचा. त्याने सरावाचं वेळापत्रक काढलं. आधी बूट, मग पाणी ओढायची नळी असलेली पाठपिशवी, मग पाऊल टाकण्याची कार्यशाळा.

"आजी, तुम्ही आधी टाच टेकता की चवडा?"

"दोन्ही माझेच आहेत रे. जो आधी पोचेल तो टेकतो."

दोन महिन्यांनी समितीच्या निदर्शनास असं आलं, की डांबरावर चालून डोंगराचा पाय तयार होत नाही. खरी पायवाट हवी. शोधाशोध झाली आणि सर्वोत्तम ठरली ती करंजवाडीचीच. विहिरीपासून वाडीपर्यंत खडी चढण, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी घोटलेली. शनिवार-रविवार सकाळी सहा ते दहा ती 'सराव मार्ग' म्हणून घोषित झाली.

पहिल्याच रविवारी बायका नेमक्या त्याच वेळी हंडे घेऊन चढत होत्या. पाणी हिंदकळत होतं, माती निसरडी झाली, विनीत बसला आपटून. अहवालात नोंद झाली: 'स्थानिक जलवाहतुकीमुळे लाभार्थ्यांच्या हितास बाधा.' सबब, लाभार्थ्यांनी त्या वेळात मागच्या वाटेने जावं. मागची वाट दुप्पट लांब.

मायावहिनीने हंडा उतरवला. "वन्सं, हे माझ्यासाठीच ना? मग मलाच का बाजूला काढता?"

कांताबाई तडक विनीतकडे गेल्या. "अरे मेल्या, पाहुणा आलास नि घरधनिणीलाच उंबऱ्याबाहेर काढतोस?"

"आजी, भावना समजतो मी. पण विमा फक्त बूटवाल्यांचा आहे."

आणखी भांडावं तर नळ अडायचा. कांताबाई माघारी वळल्या, आणि मोठ्या दिवशी रबरी चपलांत चाळीस किलोमीटर चालून संघात पहिल्या आल्या. बूटवाले मागून आले, त्यातले दोघे रिक्षाने. देणग्या मात्र सगळ्यांच्याच जमल्या.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. विनीत उभा राहिला. "नळाची तयारी पूर्ण आहे. एक तांत्रिक प्रश्न आहे. नळ आला की बायका पायवाटेने जाणार नाहीत. ये-जा थांबली की गवत माजणार, वाट बुजणार. पुढच्या वर्षी दोनशे जणांनी नावं दिलीयेत. त्यांनी चालायचं कुठे? आणि कुणासाठी?"

हॉल गंभीर झाला. कुणी म्हणालं, विषय नाजूक आहे. शेवटी मध्यम मार्ग निघाला: नळ टप्प्याटप्प्याने द्यावा. पहिल्या टप्प्यात तोटी. पाइपचं पुढे बघू.

कांताबाई पदर खोचून उठल्या. "तोटीतून काय येणार? तुझा घाम?"

"आजी, बसा बसा. तुमचाच विषय घेतोय," म्हणत विनीतने कापड उलगडलं. बारा फुटी बॅनर. वर कांताबाई, पदकासह. खाली 'कप्तान, पुढील वर्ष'. स्टेशनाबाहेर लागणार होता.

कांताबाईंनी बॅनरकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांचा फोटो रेशनकार्डापलीकडे गेला नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"पदर नीट आलाय," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

ठराव मंजूर झाला. करंजवाडीत तोटीचं थाटात उद्घाटन झालं. मायावहिनीने नारळ फोडला आणि मागच्या वाटेने पाण्याला गेली.

हे वाचून ज्यांना तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं, त्यांच्यासाठी समितीने यंदा वेगळा गट उघडला आहे. टी-शर्ट मोफत. तुमचं माप तेवढं कळवा.