मॅडमचा चौथा पेपर

आमच्या आरोग्य केंद्राच्या मॅडमना सरळ उत्तर दिलेलं चालत नाही.

त्या रुजू झाल्या त्या दिवसाचं सांगतो. दोंडाईच्याहून एसटीनं आल्या. सोबत तीन बॅगा. त्यातल्या दोन उचलताना आमच्या झाडलोट करणाऱ्या हिराबाईच्या पाठीत उसण भरली, कारण आत नुसती पुस्तकं होती. मी इथला औषध निर्माता, सव्वीस वर्षांपासून याच खिडकीत बसतो, गाव मला नाना म्हणतं. रिवाज म्हणून विचारलं, "मॅडम, चहा घेणार?"

"पर्याय काय आहेत?"

मी गडबडलो. म्हटलं, "चहा, बिनसाखरेचा चहा, साधं पाणी."

"चौथा?"

"चौथा म्हणजे... काहीच नाही."

"चौथा बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पण बरोबर उत्तर कुणालाही येतं, नाना. बाकीची तीन का चूक, ते सांगता आलं पाहिजे." आणि त्यांनी ते सांगितलं. साखर किती, दूध किती वेळा उकळलंय, आणि पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. टाकी कधी धुतली हा प्रश्न सव्वीस वर्षांत आम्हाला कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती धुतली. तिच्यातून काय काय निघालं ते सांगत नाही, कारण तोवर सगळं गाव तेच पाणी पीत होतं आणि ठणठणीत होतं.

डॉक्टर नसरीन मूळच्या जळगावच्या. वडील पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतात. मुलगी एमबीबीएस झाली, तिथं कुणीही सुखानं थांबलं असतं. पण मॅडमना लहान मुलांचं डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठी पीजीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. माणूस वर्षानुवर्षं हाच अभ्यास करत राहिला की त्याला जगात चारच्या खाली काही दिसत नाही.

पेशंटही यातून सुटत नसत. एकदा एक म्हातारी पोट धरून आली. मॅडमनी विचारलं, "आजी, नेमकं कुठे दुखतं? वर, खाली, डावीकडे की उजवीकडे?"

"काय माहीत माय, बठ्ठं पोट दुखस."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बठ्ठं म्हणजे?"

"सगळं, मॅडम."

"म्हणजे वरीलपैकी सर्व," असं पुटपुटत त्यांनी म्हातारीला झोपवलं आणि वीस मिनिटं तपासलं. आधीचे साहेब दोन मिनिटांत पांढरी गोळी लिहून मोकळे व्हायचे. म्हातारीला इतकं तपासून घ्यायची सवय नव्हती. बाहेर येऊन तिनं हिराबाईला विचारलं, "डाक्टरीन नवी शे का?"

हिराबाईनं खुलासा केला, "चांगली शे. पन डोकामा परीक्षा घुसेल शे."

परीक्षा नुसती डोक्यातच नव्हती, भिंतींवरही होती. मॅडमच्या क्वार्टरमध्ये जिकडे तिकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या. फ्रिजवर कावीळ, आरशावर मेंदूज्वर, गॅसच्या वर भाजलेल्याचे उपचार, ही जागा मात्र मला पटली. हिराबाई झाडायला जायची ती दारातूनच विचारायची, "मॅडम, ह्या चिठ्ठ्या झाडान्या शेतस का ठेवान्या शेतस?" वर्षभरात ऐकून ऐकून हिराबाईला गोवराची सगळी लक्षणं क्रमानं येऊ लागली. आमच्यावर परीक्षा द्यायची वेळ आली असती तर तीच पहिली पास झाली असती.

मॅडम मात्र होत नव्हत्या. तीन वेळा बसल्या, तिन्ही वेळा राहिल्या. अर्थात 'नापास' हा शब्द त्या वापरत नसत. पहिल्या वेळी त्यांचा क्रमांक इतका लांबलचक आला की मी त्याला फोन नंबर समजून वहीत लिहून घेतला. दुसऱ्या वेळी जागा मिळत होती, पण न्यायवैद्यक विषयाला, म्हणजे मुख्यतः शवविच्छेदन. गावाचं मत पडलं की घ्या, तिथे पेशंट तक्रार तरी करत नाही. मॅडमनी ती नाकारली. तिसऱ्या वेळी निकाल पहिल्याहून वाईट लागला. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "प्रश्न वेगळा होता." दोनशे प्रश्नांतला कुठला, ते काही सांगितलं नाही.

लहान मुलांशी त्यांचं बोलणं ऐकलं तर हाच विषय यांना का हवाय, असा प्रश्न पडे. लाड नाहीत, चॉकलेट नाही. सुई हातात धरून चार वर्षांच्या पोराला म्हणायच्या, "हे दुखणार आहे. दहा आकडे मोजेपर्यंत. मग थांबेल. खोटं बोलले तर मला टोचायचं." आणि पोरं, काय आश्चर्य, मोजायची. आई रडायची, पोरगं मोजायचं.

चौथ्या वेळी अर्ज भरायचा ठरवला, तेव्हा सरकारी नोकर म्हणून ना हरकत प्रमाणपत्र लागत होतं. मी सोबत जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं चष्म्यावरून बघत विचारलं, "परत?"

"परत," मॅडम म्हणाल्या. "आधीचे तीन का चुकले, ते आता मला माहीत आहे."

बाबूनं शिक्का मारला. माझ्या मते घाबरून मारला.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. या खेपेला मॅडमना बालरोग मिळालं, लांब विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात. क्रमांक मिरवण्यासारखा नव्हता, पण पुरला. गावानं 'आम्ही तर आधीच म्हणत होतो' असं सांगायला सुरुवात केली, ज्यात न्यायवैद्यकवालेही होते. पण मला सांगायचंय ते परीक्षेच्या दिवसाचं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी मॅडम औषधांच्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "नाना, रविवारी धुळ्याला यायचंय. नियमाप्रमाणे नोकरीतल्या उमेदवारासोबत कार्यालयातला एक जबाबदार कर्मचारी लागतो."

जबाबदार हा शब्द माझ्यासाठी आजवर कुणी वापरला नव्हता. त्यामुळे नियम तपासावा असं मनातही आलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि पहिल्या एसटीनं निघालो.

बसमध्ये मॅडम पुस्तक उघडतील असं वाटलं होतं. नाही उघडलं. खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "तुमचा मुलगा दहावीला होता, तेव्हा तुम्ही केंद्रावर जायचात?"

"रोज जायचो."

"नुसतं बाहेर उभं राहून काय होतं?"

"त्याला काही होत नाही, मॅडम. आपल्याला बरं वाटतं."

बाकीची उत्तरं का चूक, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही.

केंद्र शहराबाहेर, हायवेवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात होतं. फाटकाशी आईबापांची ही गर्दी. कुणी पाण्याची बाटली धरलेली, कुणी अंगारा. मी ऐटीत पुढे झालो आणि ओळखपत्र दाखवलं. रखवालदार म्हणाला, "काका, मागे व्हा. उमेदवाराशिवाय कुणी नको. गर्दी करू नका."

"नियमाप्रमाणे सोबत एक जबाबदार..."

"असा काही नियम नाही."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांना काडीचाही संकोच वाटला नाही. म्हणाल्या, "नाहीये. मला माहीत आहे." मग मला बाजूला घेऊन एक कापडी पिशवी हातात दिली. "यात डबा आहे, बिस्किटं आहेत, ग्लुकोज आहे. रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे, तिच्यामागे ट्रक उभे असतात. तिथे राखाडी सफारीतला एक म्हातारा माणूस असेल. त्याला डायबेटिस आहे. सकाळी गोळी घेतो आणि खात नाही. दहा वाजता बिस्किटं द्या, साडेअकराला डबा. हात थरथरले तर आधी ग्लुकोज. माझं नाव घ्यायचं नाही."

"कोण आहेत?"

"अब्बा."

त्या घड्याळाकडे बघत, पेशंटची हकिकत सांगावी तशा भराभर बोलल्या. "पहिल्या वेळी ते सोबत आले होते. मी राहिले. घरी आल्यावर रागात म्हटलं, तुम्ही बाहेर उभे असता म्हणून मला आत सुचत नाही. ते म्हणाले, बरं, नाही येणार. दुसऱ्या वेळी ट्रकच्या मागे दिसले. मागच्या वेळीही. मागच्या वेळी मी आत जाता जाता बघितलं, हात थरथरत होते, टपरीचा खांब धरला होता. मी आत गेले. दोनशे प्रश्न समोर होते आणि मला एकच सुचत होता."

"मग हाक का नाही मारली, मॅडम?"

"पकडले गेले असते. पुढच्या वेळी आणखी लांब उभे राहिले असते."

एवढं बोलून त्या रांगेत शिरल्या. मागे वळून बघितलं नाही.

रस्ता ओलांडला. ट्रकच्या सावलीत खरंच राखाडी सफारी होती. आत बारीकसा माणूस, पत्रा कापून कापून बोटांना घट्टे पडलेले. मी शेजारी बसलो.

"इकडे कुठे, भाऊ?" मी विचारलं.

"असाच. धुळ्याला काम होतं."

"काय काम?"

"आहे थोडं. साडेबारापर्यंतचं."

फाटकाकडे बघत मग ते त्या फाटकाबद्दलच बोलले. पत्रा हलका वापरलाय, दोन पावसाळ्यांत गंजेल. मी हो म्हटलं. दहा वाजता बिस्किटं पुढे केली. अनोळखी माणूस घड्याळ बघून बिस्किटं देतोय याचं त्यांना काही वाटलं नाही. दोन खाल्ली. मधूनच त्यांचा पाय हलायचा, ओठ हलायचे, आणि फाटकाशी कुणी जरा हललं की ते ट्रकच्या आड सरकायचे. मी मुद्दाम विचारलं, "कुणाला टाळताय का?"

"नाही हो. ऊन येतं."

ऊन दुसऱ्या बाजूनं येत होतं.

साडेअकराला डबा उघडला. दोन पोळ्या आणि मेथीची भाजी. त्यांनी एक पोळी सावकाश खाल्ली. हात स्थिर होता, मी लक्ष ठेवून होतो. दुसरी पोळी त्यांनी अर्ध्या भाजीसकट डब्यात तशीच ठेवली, झाकण लावलं, दोन्ही अंगठ्यांनी चारी बाजूंनी दाबून बघितलं आणि डबा माझ्याकडे दिला.

"ही राहू द्या. तिनं सकाळपासून काही खाल्लं नसेल."

"कुणी?" मी म्हटलं. शब्द दिला होता ना.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या आरोग्य केंद्राच्या ओळखपत्राकडे बघितलं. "ज्यांचा डबा आहे, त्यांनी," ते म्हणाले.

साडेबाराला आत घंटा झाली, तसे ते उठले. काम झालं म्हणाले, स्टँडवर जातो म्हणाले. मला सलाम केला आणि ट्रकच्या पलीकडे दिसेनासे झाले.

मी फाटकाशी आलो. पोरं बाहेर पडत होती, आईबाप त्यांना घेरत होते, जो तो उत्तरं जुळवत होता. मॅडम शेवटी शेवटी आल्या. पेपर कसा गेला ते मी विचारणार, त्याआधीच त्यांनी विचारलं, "खाल्लं?"

"खाल्लं. एक पोळी ठेवली."

"का? बरं वाटत नव्हतं?"

"ठणठणीत होते. म्हणाले, तिनं सकाळपासून काही खाल्लं नसेल."

मॅडम तिथेच फाटकाशेजारच्या कठड्यावर बसल्या आणि डबा उघडला. झाकण जरा घट्ट बसलं होतं, दोनदा ओढावं लागलं. आजूबाजूला इतका गलका होता, पण त्यांनी ती पोळी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि खाताना एकदाही मान वर करून रस्त्यापलीकडे बघितलं नाही.

मी बघितलं. स्टँडकडे जाणाऱ्या दोन रिकाम्या रिक्षा समोरून गेल्या होत्या, आणि राखाडी सफारीतला तो माणूस अजून ट्रकच्या आडच उभा होता.