काळ्या कातळावरचं पिल्लू

एका जंगलात, मुलांनो, काळ्या सशांचं एक खानदानी कुळ राहत होतं. खानदानी म्हणजे काय, ते मोठेपणी कळेल. तोवर एवढंच समजा, की त्यांची नाकं कायम वर असत आणि गाजरं मात्र खालीच शोधावी लागत.

कुळाची एक रीत होती. बारशाला पिल्लं काळ्या कातळावर ठेवायची. जे कातळात मिसळून दिसेनासं होईल, ते आपलं. जे दिसेल, ते आईसकट नदीपार. नदीपार कोल्हे होते. पण रीत ती रीत.

काजळी ही कुळप्रमुख डांबररावांची सून. तिची चार पिल्लं कातळावर ठेवली. तीन दिसेनाशी झाली. चौथं पांढरंशुभ्र, दह्याच्या कवडीसारखं, मजेत बसून राहिलं. पिल्लाला कोल्हे ठाऊक नव्हते, काजळीला होते.

"सुनेनं कुळाला बट्टा लावला," डांबरराव म्हणाले. "आमच्यात सात पिढ्यांत पांढरा ससा नाही."

तरी शिकलेल्याचं मत असावं, म्हणून कुळाच्या पंचांनी ढोलीतल्या घुबडशास्त्र्यांना उठवलं. शास्त्रीबुवांनी जांभई दिली.

"पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात. एक आईचा, एक बापाचा. एक जरी काळा असला, तरी पिल्लू काळंच दिसतं. पांढरा वाटा आत गुपचूप बसतो, पिढ्यान् पिढ्या बसतो. दोन्ही वाटे पांढरे आले, तरच पिल्लू पांढरं."

"म्हणजे सुनेतच पांढरं होतं," पंच म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

काजळीनं पिल्लू उचललं. निघाली, आणि थबकली. तिनं मनाशी पुन्हा हिशेब केला.

"मामंजी, एक वाटा माझा, कबूल. दुसरा कोणाचा?"

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे, कोळशाकडे पाहिलं. कोळशानं सवयीप्रमाणे वडिलांकडे पाहिलं.

"त्याला तो आईबापांपैकीच कोणाकडून तरी आला," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि तुम्ही पंच तर सगळे सख्खे-चुलत. कोणाच्या आत काय दडलंय, ते कळू शकतं. प्रत्येकाचं एकेका पांढऱ्या सशिणीशी लग्न लावू. कोणाला पांढरी पिल्लं होतात, ते पाहू."

पंचांच्या बायकांनी कान टवकारले. पंचांनी ते पाहिलं.

डांबरराव खाकरले. "सूनबाई, पिल्लू जरा कातळावर ठेव बघू."

तिनं ठेवलं. डांबररावांनी डोळे बारीक करून बराच वेळ निरखलं.

"मला तर इथं काहीच दिसत नाही."

"आम्हालाही नाही," पंच घाईघाईनं म्हणाले.

दिसत नाही, म्हणजे आपलं. रीत पाळली गेली. पिल्लाचं नाव काळोजी ठेवलं. तेवढ्यात काळोजी शिंकला. पंचांना तेही ऐकू आलं नाही. काजळीनं त्याचं नाक पुसलं आणि त्याला घरी नेलं.

तात्पर्य: नुसतं खरं सांगून न्याय मिळत नाही, मुलांनो. ते खरं पंचांच्या घरापर्यंत पोचतं, हे दाखवलं की लगेच मिळतो.