उजव्या पिंजऱ्याची सूज

पद्माबाई लेल्यांनी कॉलेजच्या प्राणिगृहाचं दार उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजव्या पिंजऱ्यातले पांढरे उंदीर मागच्या पायाला चिंध्या बांधून बसले होते. चिंध्यांतून पिवळं तेल झिरपत होतं आणि खोलीभर हळदीचा वास सुटला होता.

"ज्ञानूमामा! हे काय आहे?"

शिपाई ज्ञानूने बादली खाली ठेवली आणि तो कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आला. "लेप हाय, बाई. राजापुरी हळद, त्येलात गरम केल्याली. लय सुजलं हुतं वो पाय! चाटत्यात म्हून चिंधी बांधली."

सुजले होते म्हणजे काय, पद्माबाईंनीच ते काल सुई टोचून सुजवले होते! गेली चार वर्षं त्या या एका सुजेच्या मागे होत्या. पेशीत एक प्रथिन असतं. ऑक्सिजनचा जाळ वाढला की त्याला आधी कळतं, आणि ते सूज आणणाऱ्या जनुकांना उठवतं. डाव्या पिंजऱ्यातल्यांना त्या प्रथिनाला गप्प करणारं औषध दिलं होतं, उजव्यातल्यांना मुद्दाम काहीच नाही. दोन्हींची तुलना, एवढाच त्यांचा प्रबंध. आणि हळद त्याच प्रथिनाला गप्प करते! माणसाने राख लावावी, चुना लावावा. पण सांगलीत हळदीशिवाय दुसरं काही सुचेल तर शपथ.

"उजव्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं ना मी?"

"आवं, डावीकडच्यांना तुमी औषिद देताय, हिकडच्यांचं कुनीच बघंना. आमच्या जतला मेंढरू लंगडाय लागलं तर आदी त्येला बघत्यात."

"मला ती सूज हवी होती!"

"सूज?" ज्ञानू बघतच राहिला. "सूज कुनाला हवी आसती, बाई?"

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे मार्गदर्शक सर कराडच्या स्टँडवरून बोलत होते. "बर्फाचा डबा घेऊन येतोय. नमुने आजच पुण्याला न्यायचे. नोंदणीची मुदत या महिन्यात संपतेय, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? नवे उंदीर दिवाळीनंतर मिळणार होते. चार वर्षं पाण्यात गेली होती, तीही हळदीच्या पाण्यात. पद्माबाईंनी तक्रारीसाठी कपाटातून कोरा कागद काढला आणि कपाट इतक्या रागाने आपटलं, की उजव्या हाताचं बोट दारात सापडलं. बघता बघता ते टम्म फुगलं. पेन धरवेना.

"प्राचार्यांना कळवणार आहे मी! तुमची नोकरी घालवते!"

"मला लिवता येत न्हाई," ज्ञानू कळवळून म्हणाला, "न्हाईतर मीच लिवून दिलं आसतं."

त्या कळवळ्याने तर त्या आणखीच पेटल्या. "एकालासुद्धा सोडू नये? सातच्या सात पाय बांधून ठेवले!"

"सात कुठलं? चारच."

"चार?"

ज्ञानूचा चेहरा पहिल्यांदाच कडवट झाला. त्याने चावल्याच्या खुणा असलेला अंगठा पुढे केला. "बाकीची तिघं कडाकडा चावली मला. म्हनलं, मरा सुजून!"

पद्माबाई पिंजऱ्यावर वाकल्या. मागच्या कोपऱ्यात, भुशाआड, तीन उंदीर बसले होते. पाय लालबुंद, टचटचीत आणि हळदीचा थेंबही न लागलेले. सर नेहमी सांगत, तुलनेला कमीत कमी तीन तरी हवेत. पद्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता चिडायचं कोणावर हे कळेना, म्हणून त्या अजूनच चिडल्या.

"तिघांना एका वेगळ्या पिंजऱ्यात घाला. आणि खबरदार, कुणावर दया दाखवलीत तर!"

ज्ञानूने उंदीर हलवले आणि लेपाची वाटी घेऊन तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"हात करा."

"मला नको तुमचा लेप!"

"करा म्हंतो न्हवं." त्याने त्यांचं बोट अलगद धरलं. "सकाळधरनं तुमीबी चावतायच की. पन जाऊ द्या."