बसायला उत्तम जागा

रामराव गावंडे अमरावतीच्या एका साप्ताहिकात शेतीचं पान लिहीत. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. "रामराव, कापूस, पंचनामे, पॅकेज. लोक आता हे पान उलटून पुढे जातात. काही खाण्यापिण्याचं लिहा."

रामरावांनी ते मनावर घेतलं. चार दिवस ते कलेक्टर कचेरीमागच्या वस्तीत खात हिंडले. जयवंताबाईचा गिला वडा, अब्दुल सत्तारचा अद्रकवाला चहा, झालंच तर उसाचा रस. लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'खाऊनपिऊन नुसतं बसायचं असेल, तर गार सावली, माठाचं पाणी, आणि कोणी ऊठ म्हणत नाही अशी एकच जागा.' पुढे वाचनालयामागच्या कडुनिंबाचा पत्ता दिला.

छापताना नेमकी ती पत्त्याची ओळ गळली. तिच्या जागी अभिप्रायासाठी दिलेला लेखकाचा पत्ता सरकून आला : पोस्टामागे, निळं फाटक.

सोमवारी अकराला रामराव बनियनवर बाहेर आले, तर ओट्यावर चार माणसं.

"कोण पाह्यजे?"

"कोणी नाई," त्यातला म्हातारा म्हणाला. "मी सहदेव, दर्यापूरचा. कलेक्टर कचेरीतला सायेब तीन वाजता येते म्हंते. तवरीक बसाले आलो." त्यानं घडी घातलेला पेपर दाखवला.

रामरावांनी स्वतःचाच लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "अहो, हे चुकीचं छापलं."

"पानी तं गार हाये," सहदेव म्हणाला. त्याच्या हातात रामरावांच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा तांब्या होता.

रामराव आत गेले. "तू पानी कावून देलं त्याईले?"

"मंग काय करू? तहानलेल्या मानसाले पेपर वाचून दाखवू?"

मंगळवारी नऊ जण आले. बुधवारी अंजनगाव सुर्जीची सुभद्रा नावाची बाई आली, ती मनकर्णाबाईंच्या माहेरच्या गल्लीतली निघाली आणि ओट्यावर सतरंजी पडली. दुपारून चहा झाला. सत्तारचा चहा बरा की इथला, यावर ओट्यावरच्या दोघांचा वाद लागला आणि निकाल द्यायला त्यांनी रामरावांनाच बोलावलं. रामरावांनी लेखात सत्तारला पहिला नंबर दिला होता. आता बायको दारात उभी होती. त्यांनी निकाल राखून ठेवला.

गुरुवारी हद्द झाली. रामराव सकाळी टमरेल घेऊन परसात गेले, तर संडासापुढे तिघं उभे.

"मागं उभे राहा, भाऊ," एकजण नम्रपणे म्हणाला. "आमी कवाचे नंबरात हावो."

"हे घर माहं हाये."

"असंन. पन घाई आमालेबी हाये."

नंबर लागल्यावर रामराव तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. ही बसायची जागा नाही, म्हणून स्पष्ट लिहा."

संपादक शरमले होते. "या वेळी चूक होणार नाही. मजकूर मी स्वतः तुमच्या घरी फोन करून पक्का करतो."

रामरावांनी ही बातमी घरी सांगितली. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "कचेरीत त्याईले बाहेर उभं ठेवते. हॉटेलात कप खाली झाला का उठवते. सुभद्रा सकाळपासून सोताचे पाय दाबत होती. बाईमानसानं दिवसभर जावं कोठी?"

"ते माह्या लेखात लिवलं हाये," रामराव म्हणाले, आणि लेखात पत्ता आपल्याच घराचा छापलाय हे त्यांच्या लक्षात आलं.

सोमवारी अंक आला. अकरा, बारा, एक वाजला. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. रामराव समाधानानं आडवे झाले. अर्ध्या तासात फाटक वाजलं. बाहेर पंधरा-वीस माणसं चपला हातात घेऊन पाऊल न वाजवता येत होती.

"आता काय झालं?" रामरावांनी विचारलं.

सहदेवनं तोंडावर बोट ठेवलं आणि अंक पुढे केला. चौकटीत दुरुस्ती होती, अगदी बिनचूक : 'निळ्या फाटकाच्या घरी बसण्याची वेळ दुपारी दीड ते पाच. सकाळी घरच्यांची आंघोळ असते. चहा एकदाच मिळेल. घरधनी झोपलेले असतात, तरी हळू बोलावे. - मनकर्णाबाई गावंडे.'

"हळू बोला, सायेब," सहदेव कुजबुजला. "आत कोनी झोपून राह्यलं म्हंते."

रामरावांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ते पाऊल न वाजवता आत गेले आणि झोपले.