घोंगडीखालचा खांदा

आमचे शेजारी धोंडूकाका मोडलेलं हाड कधी बघत नसत. हाडवैद्य म्हणून पोलादपूरपासून महाडपर्यंत त्यांचं नाव होतं. पण रोगी समोर बसला की आधी त्याच्या दुखऱ्या अंगावर घोंगडी पडायची. मग काका डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून घोंगडीखाली हात घालायचे. रोग्याने डोकावून पाहिलं तर त्याला शिव्या बसत.

"डोळा लबाड हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "सूज बघतो न् घाबरतो. बोटाला इचार."

बाजारातही तेच. मासळी घेताना काका आभाळाकडे बघत कल्ले चाचपायचे. कोळीण ओरडायची, "अवो काका, मासली हिकडं हाय, वर नाय!"

एरवी मीही हसलो असतो, पण त्या वर्षी हसायची सोय राहिली नव्हती. मी मुंबईला डॉक्टरी शिकत होतो आणि शरीररचनेत नापास होऊन घरी आलो होतो. पुस्तकातली चित्रं मला तोंडपाठ! परीक्षकांनी दंडाचं हाड हातात ठेवून विचारलं, "उजवं की डावं?" चित्रात ते डाव्या बाजूला होतं, म्हणून मी ठासून सांगितलं, "डावं." चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, एवढंच विसरलो. आता दहा दिवसांवर फेरपरीक्षा होती. तीत पडलो की कॉलेजातून नाव कमी.

"चित्राला हाड असतं काय रे?" काकांनी विचारलं. मला भयंकर राग आला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या ओटीवर जाऊ लागलो. ते माझ्या डोळ्यांवर पंचा बांधत आणि मला माझेच गुडघे, खांदे चाचपायला लावत. हाताला नुसती ढेकळं लागत. कुठलं कुठे जोडलंय, काही कळत नसे.

चौथ्या दिवशी इस्माईल गाडीवान आला. वरंध घाटात गाडीवरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला होता. काकांनी त्यावर घोंगडी टाकली आणि मला म्हणाले, "घाल हात."

"काका, ह्यो नापास झालेला हाय!" इस्माईल कळवळला. बातमी घाटापर्यंत पोचली होती तर! "हात गेला तं माजे बैल कोन हाकील?"

"मी हाय ना," असं म्हणत काकांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला.

मी इस्माईलच्या पाठीमागे बसून डोळे मिटले. खांद्याच्या टोकाखाली बोट खड्ड्यात गेलं. हाडाचा गोळा जागेवर नव्हता. काखेतून मोठी रक्तवाहिनी जाते, पुस्तकातलं नेमकं तेवढंच आठवलं आणि मी बोट तिथेच थांबवलं. इस्माईलने श्वास रोखला होता, मीही.

"थांबलास का? फुडं शोध."

बोट पुढे सरकवलं. छातीच्या बाजूला गोळा लागला, आणि मिटल्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं चित्र उभं राहिलं. ते हळूहळू वळलं. त्यातल्या माणसाची पाठ आता माझ्याकडे होती. हाड कुठून सुटलं, कुठे जायला हवं, सगळं कळलं.

"दिसलं, काका!"

"मग ने त्याला घरी."

काकांनी दुसऱ्या हाताने कोपरात धरून दंड सावकाश ओढला, मी गोळा ढकलला. खट्ट आवाज झाला. इस्माईलने अल्लाचं नाव घेतलं आणि भीतभीत बोटं हलवून पाहिली. पाचही हलत होती.

तो गेला तरी मी घामाने निथळत बसून होतो. परीक्षेला सहाच दिवस उरले होते. (पुढे पास झालो, पण तेव्हा ते कुठे माहीत होतं?) मी विचारलं, "काका, हे तोवर बोटांत राहील ना? की विसरेन?"

काका घोंगडीची घडी घालत होते.

"तुजी काकी गेली त्याला तीस वर्सं झाली," ते म्हणाले. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. त्यांच्या तोंडून काकीचा विषय मी प्रथमच ऐकत होतो. "फोटू कुठला तवा? तिचं तोंड आठवाया जातो, तं येत नाय. डोळ्यानं सोडलं ते. शेवटच्या दुखण्यात मातर तिचा हात धरून बसायचो..."

त्यांनी अंगठा आणि मधलं बोट एकमेकांजवळ आणून हवेत कडं केलं. दोन टोकांत तांदळाएवढी फट ठेवली.

"मनगट एवढं हाय," ते म्हणाले, आणि ते कडं त्यांनी कितीतरी वेळ मोडलं नाही.