डॉक्टर बेलसरे आणि वॉलबीचं पिल्लू

डॉक्टर बेलसऱ्यांसमोर कुणी 'कांगारू' म्हटलं की त्यांचा तोंडाशी आलेला घास ताटात परत जायचा.

"वॉलबी, वहिनी. कांगारू माणसाएवढा. आमची वॉलबी तुमच्या गुडघ्याला लागते. वजन चांगल्या पोसलेल्या बोक्याइतकं आणि शेपटी जवळपास अंगाएवढीच लांब. खलास."

डॉक्टर नाशिकचे, जनावरांचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही कतारला, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीत राहत होतो. ते खालच्या फ्लॅटमध्ये एकटेच असत आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवत. अल खोरच्या वाटेवर एका श्रीमंत कतरी माणसाचं शेत होतं. तिथल्या उंट-शेळ्यांसाठी त्यांना आणलेलं. मग मालकाने हौसेने ऑस्ट्रेलियाहून वॉलबी मागवल्या आणि डॉक्टरांना दुसरा विषयच उरला नाही.

वॉलबी उकाड्यात स्वतःचे पुढचे पाय चाटून ओले करते, म्हणजे अंग थंड राहतं. आमचा एसी बंद पडला की डॉक्टर बेसिनवर कोपरापर्यंत हात भिजवून पंख्याखाली बसायचे. "चाटत नाही एवढाच फरक," म्हणायचे. फरशीवर ठिबकलेलं पाणी मी पुसायची.

एका हिवाळ्यात शेतावरच्या कुत्र्यांना बिचकून एक मादी कुंपणावर आदळली आणि गेली. तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत होतं. डॉक्टरांनी ते फ्लॅनेलच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं, वर स्वेटर चढवला आणि तसेच संक्रांतीला आमच्याकडे आले. स्वेटर आतून हलला तशा शेजारच्या कुलकर्णीबाई तिळगुळाची वाटी घेऊन मागे सरकल्या.

"जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं," डॉक्टर त्यांना समजावू लागले. "डोळेही उघडलेले नसतात. तरी आईच्या केसांना धरून स्वतःच चढतं, पिशवीत शिरतं. मग कितीतरी महिने मुक्काम तिथेच."

गाईचं दूध त्याला सोसत नाही, म्हणून दूध न पचणाऱ्या बाळांची पावडर आणायला ते फार्मसीत गेले. तिथल्या माणसाने बाळाचं वय विचारलं. "डोकं बाहेर काढायला लागलंय," डॉक्टरांनी सांगितलं.

मध्ये पिल्लाने दूध सोडलं, हगवण लागली. डॉक्टर कामावर गेले नाहीत, जेवायला वर आले नाहीत. मी डबा घेऊन खाली गेले तर पिशवी छातीशी धरून बसलेले.

"माझी मुलगी झाली तेव्हा मी इथेच होतो, वहिनी," ते म्हणाले. "पहिल्यांदा पाहिली ती थेट दारात उभी. मला बघून आईच्या मागे लपली. मधलं काहीच मला दिसलं नाही."

पिल्लू वाचलं. थंडी सरता सरता ते आमच्या सतरंजीवर उड्या मारायला लागलं. काही पडून आवाज झाला की डोकं खाली करून थेट पिशवीत सूर मारायचं. मग ते शेतावर परत गेलं. आणि मालकाकडे कधी काही न मागणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे बायको-मुलीच्या व्हिसाची गोष्ट काढली.

दोघी आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मुलगी माझा पदर धरून उभी राहिली. वडिलांकडे जाईना. तिची आई तिला पुढे ढकलू लागली तेव्हा डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं. ते खाली मांडी घालून बसून राहिले, तिच्याकडे न बघता.

जेवणं उरकली. मी आवराआवर करत होते. केव्हातरी ती गेली, त्यांच्या मांडीला टेकली आणि तशीच झोपली.

"पायाला मुंग्या आल्यात, वहिनी," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "पण असू दे."